बोटं गप्प होती तेव्हा

सुरुवात झाली ती एका 'तिरकिट'पासून.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तबला शिकायला लागले होते. साताऱ्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून मृणाल नावाची मुलगी क्लास घेते. वयाने माझ्या सुनेएवढी. वर्गात सगळी शाळकरी पोरं आणि त्यांच्यात मी एकटी केस पिकलेली. पहिल्या परीक्षेला आम्ही एकाच बाकावर बसलो आणि तेव्हापासून पोरांनी मला आपल्यात घेतलं. "काकू, तुमचा कायदा झाला का पाठ? आमचा नाही झाला," असं ती मला तबल्यातल्या त्या ठरावीक बोलरचनेबद्दल सांगायची आणि मला फार बरं वाटायचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचा गृहपाठ तपासलेल्या बाईला स्वतःचा गृहपाठ राहिल्याची धाकधूक वाटणं हे सुखच असतं.

त्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं. दोन-तीन दिवसांत बरं वाटलं, म्हणून क्लासला गेले. नेहमीचं तिरकिट वाजवायला घेतलं तर बोटं एकमेकांत अडखळायला लागली. मृणालने मान वर केली.

"काकू, आज हात जड पडतोय."

"आजारपणाचा अशक्तपणा गं," मी म्हटलं.

पायांना मुंग्या येत होत्या. मांडी घालून बसल्यामुळे असेल असं वाटलं. निघताना चप्पल पायात नीट सरकेना, तेव्हाही मी चपलेलाच दोष दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात खाली बसले ती उठताच येईना. हाक मारली. आमचे हे धावत आले.

यांच्याविषयी सांगायला हवं. हे माण तालुक्यातले, धनगराच्या घरातले. फौजेत गेले आणि पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला लागले. बँडवाल्यांना लढाईच्या वेळी जखमींचे स्ट्रेचर उचलावे लागतात, त्याचंही शिक्षण यांना मिळालेलं. त्यामुळे माणूस कसा उचलायचा हे यांना कुणी सांगावं लागत नाही. काखेत हात घालून यांनी मला उभं केलं.

"आगं, पाय टेक की जमिनीला."

"टेकलाय हो."

"कुठं टेकलाय? नुस्ता लोंबतोय."

आम्ही दोघांनीही माझ्या पायाकडे पाहिलं. तो माझा आहे असं मला वाटत नव्हतं.

नाव कळलं तो दिवस

साताऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्यांनी दुसरा पाय पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. वीज गेल्यावर आपण उगाच बटण खाली-वर करतो तसं ते मला वाटलं आणि हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत.

"एका दमात जेवढे जमतील तेवढे आकडे म्हणा," ते म्हणाले.

मला वाटलं, ही परीक्षा तर माझीच. जन्मभर वर्गात पाढे चालीवर म्हणून घेतलेत. मी ऐटीत सुरुवात केली आणि तिशीच्या आतच दम संपला. संध्याकाळी पुन्हा म्हणायला लावले तेव्हा विशीही गाठली नाही.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. ते माझ्यासमोर बसले. म्हणाले, "याला जीबीएस म्हणतात. शरीर चुकून आपल्याच नसांवर हल्ला करतं. यातली बहुतेक माणसं बरी होतात. पण बरं वाटण्याआधी आणखी बिघडेल. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर काही काळ यंत्र लावावं लागेल."

मी विचारलं, "आणि माझी बोटं?"

"आधी श्वासाचं बघू, मग बोटांचं."

हे खिडकीबाहेर बघत उभे होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर टकटक करत होती. हा माणूस घाबरला की बोटांनी ड्रम वाजवतो हे मला लग्नापासून माहीत आहे.

यंत्राची खाट सांगलीच्या रुग्णालयात मिळाली. माझा भाऊ, दादा, तिथेच राहतो. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना हे स्ट्रेचरच्या डोक्याकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिथला माणूस म्हणाला, "काका, तुम्ही राहू द्या."

"तू पायाकडनं धर. चढावर डोकं वर ठेवायचं आस्तंय," हे म्हणाले.

कऱ्हाड मागे पडेपर्यंत माझ्या हातातलं उरलंसुरलं बळ गेलं. पुढचं नीट आठवत नाही.

अण्णांची पेटी

सांगली माझं माहेर. अण्णा, म्हणजे माझे वडील, हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. दिवसभर पोत्यांच्या राशीत असल्यामुळे घरी यायचे ते पिवळ्या हातांनी. कितीही घासले तरी नखांच्या कडा पिवळ्याच. ते चहा घेऊन पेटीवर बसायचे आणि वर्षानुवर्षांच्या त्या हातांनी पेटीच्या पांढऱ्या पट्ट्याही पिवळसर झाल्या होत्या. बाहेरून आलेल्याला वाटायचं पेटी जुनी आहे. आम्हाला माहीत होतं, ती हळद आहे.

अण्णांना दोन्ही हातांनी वाजवायची हौस होती. मग भाता कोण मारणार? मी. पेटीच्या मागे बसून मी भाता हलवायचे आणि ते वाजवायचे. मी कंटाळले की भाता मुद्दाम सावकाश करायचे आणि सूर केविलवाणा व्हायचा.

"ए बाय, मेला की गं माझा षड्ज," अण्णा ओरडायचे.

मग एका संध्याकाळी त्यांनीच जागा बदलली. स्वतः मागे जाऊन बसले, भाता धरला आणि म्हणाले, "वाजव आता. बघू तुझं किती चालतंय." मी एका बोटाने सारेगम वाजवलं. त्यांनी तेवढ्यासाठी इतका भरपूर भाता दिला की सगळ्या वाड्यात ऐकू गेलं असेल.

अण्णांनी मला कधी परीक्षेला बसवलं नाही. "पोटासाठी शिकतो ते वेगळं. हे आपल्या मजेसाठी," एवढंच म्हणायचे. ती मजा मी सासरी नेली. शिक्षिकेची नोकरी माण तालुक्यात, नवरा सीमेवर, आणि घरात सासूबाई व मेंढरं. सासूबाईंना गाणं येत नव्हतं, पण मेंढरांना घालायच्या हाका येत होत्या. पाण्यावर न्यायची हाक वेगळी, परत फिरवायची वेगळी, आणि कुत्र्याला सावध करायची शीळ आणखी वेगळी. मी त्यांच्यामागे लागून सगळ्या शिकले. सुरुवातीला माझ्या हाकेवर एकही मेंढरू हलायचं नाही. सासूबाई हसून लोळायच्या. "आगं, तुजी हाक शाळंतली हाय. मेंढराला काय हजेरी द्यायची हाय का?"

ज्या दिवशी माझ्या हाकेवर अख्खा कळप वळला, त्या दिवशी मी यांना सीमेवर पत्र लिहून कळवलं होतं.

यंत्र

शुद्ध नीट आली तेव्हा घशात नळी होती आणि छाती यंत्र हलवत होतं. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर भाता. कुणीतरी मागे बसून भाता मारतंय आणि मी नुसती पेटी झालेय. हे आज गमतीने लिहिते आहे, तेव्हा गंमत नव्हती. भाता मारणाऱ्याने कंटाळा केला तर काय, या भीतीने मी झोपायला घाबरायचे.

हलत होत्या त्या फक्त पापण्या, त्याही जड. हात, पाय, मान, ओठ, सगळं बंद. मात्र ऐकू सगळं येत होतं. हे त्या आजाराचं वाईट आणि चांगलंही. नर्सा कूस बदलायला यायच्या आणि माझ्या अंगावरून एकमेकींशी बोलायच्या. कुणी म्हणे, "मावशी झोपल्यात." मी आतून ओरडायचे, झोपले नाही गं बाई, माझ्या नाकाला खाज सुटलीय.

भेटायची वेळ थोडकीच. हे आत यायचे, हात धुऊन, टोपी काढून, आणि खाटेशी ताठ उभे राहायचे. काय बोलावं त्यांना कळायचं नाही. एकदा ते खाटेवर वाकले. मग त्यांनी दोन बोटं माझ्या कपाळावर ठेवली आणि हळूच वाजवायला लागले. पलटणीची चाल होती ती, मी ओळखली. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत यांनी ती मला परातीवर शिकवली होती आणि सासूबाईंनी परात काढून घेतली होती.

यांनी पूर्ण ओळ वाजवली. दुसऱ्यांदा वाजवताना शेवटचा ठोका मोकळा सोडला. मी पापणी मिटली.

यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा ठोका सोडला. मी बरोबर त्या जागी पापणी मिटली.

"शिस्टर!" हे इतक्या मोठ्यांदा ओरडले की शेजारच्या खाटेचे नातेवाईक उठून उभे राहिले. "ओ शिस्टर, हिकडं या! ही वाजवाय लागलीया!"

शबाना सिस्टर पळत आल्या. त्यांना वाटलं, यंत्र वाजायला लागलंय. यांनी त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. त्या दिवसापासून शबाना सिस्टर माझ्या अंगावरून बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलायला लागल्या. कूस बदलायच्या आधी विचारायच्या, "मावशी, डावीकडं करू?" मी एकदा पापणी मिटायचे. एवढ्या विचारण्याने माणूस परत माणसात येतो.

पंखा

माझा मुलगा विनायक पुण्याला असतो. त्याला मला पुण्याला न्यायचं होतं. यांना हलवायचं नव्हतं. बाप-लेक आधी बाहेर भांडायचे, मग एकदा माझ्या खाटेशीच जुंपली.

"बाबा, इथं ठेवून काही झालं तर?"

"आन् रस्त्यात काय झालं तर? मी उचललंय तिला, मला म्हाईत हाय ती किती हालकी झालीया."

"आई, तूच सांग आता," विनायक म्हणाला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. तो तोंड फिरवून रडायला लागला. त्याला रडताना मी तो सातवीत असताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

शबाना सिस्टरांनी मधे पडून एक पुठ्ठा आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत मुळाक्षरं लिहिली होती. त्या बोट फिरवणार, हवं ते अक्षर आलं की मी पापणी मिटणार. हे, विनायक, दारातून डोकावणारा दादा, सगळे श्वास रोखून बघत होते. मी काय सांगणार, पुण्याला जायचं की इथेच राहायचं.

प आला. ख आला. सिस्टर म्हणाल्या, "पंखा?" मी पापणी मिटली. "पंखा बंद करू?" पापणी मिटली.

किती दिवस तो वारा थेट माझ्या उघड्या डोळ्यांवर येत होता. डोळे कोरडे होऊन आग व्हायची आणि कुणाला कळत नव्हतं. पंखा बंद झाला. विनायक हसायला लागला, मग हेही हसले, आणि भांडण तिथेच विरलं. मी सांगलीतच राहिले. वहिनी रोज दोघांचा डबा आणायची आणि बाप-लेक एकाच डब्यात जेवायचे, हे मला तिनेच कानात येऊन सांगितलं.

दिवसाचे उरलेले तास फार लांब असायचे. मी मनात रियाज करायचे. आधी अण्णांचे अलंकार, मग सासूबाईंच्या हाका, मग मृणालचे कायदे. कायद्यात अडले की मागे जाऊन पुन्हा सुरू करायचे. कायद्याचे बोल उलटसुलट फिरवणारा एक पलटा मला क्लासमध्ये कधीच सुटला नव्हता, तो तिथे खाटेवर पडल्यापडल्या सुटला. दाखवणार कुणाला? पण त्या दिवशी मी आनंदात होते, हे खरं आहे. कुणाला पटो न पटो.

आवाज

उतार पडला तो खांद्यापासून. खांदा किंचित उडाला, मग मान हलली, मग छाती थोडी थोडी आपल्या बळावर उचलू लागली. यंत्र हळूहळू सुटलं. मधल्या काळात नळीसाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर झाकण बसवलं आणि डॉक्टर म्हणाले, "बोलून बघा."

हे समोर उभे होते. त्यांना वाटलं असेल, आता ही 'अहो' म्हणेल. मी 'सा' लावायला गेले. जो आवाज निघाला तो सुरात नव्हता, माणसाचाही नव्हता.

"आयच्यान्, करडू वरडल्यागत झालं की," हे म्हणाले आणि टोपीने डोळे पुसायला लागले.

साताऱ्याला परत

लोकांना वाटतं, घरी आलं की संपलं. मला विचाराल तर सर्वांत वाईट दिवस घरीच गेले. रुग्णालयात सगळेच आडवे असतात. घरी बाकीचे चालत असतात.

हे मला भरवायचे, वेणी घालायचे. फौजेतल्या माणसाने घातलेली वेणी दोरखंडासारखी घट्ट व्हायची, डोकं दुखायचं, पण मी बोलले नाही. व्यायाम शिकवायला येणारे थेरपिस्ट हातात मऊ चेंडू द्यायचे. तो बोटांतून घरंगळून जायचा. कोपऱ्यात तबला-डग्गा कापड घालून ठेवलेले. एके दिवशी मी म्हणाले, "ते उचला माझ्या डोळ्यांसमोरून. देऊन टाका कुणालातरी."

यांनी उचलले नाहीत. संध्याकाळी मृणाल आली. यांनीच बोलावलं होतं.

ती तबल्याकडे गेली नाही. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काकू, हात राहू दे. तोंडाने बोल म्हणा. मी टाळी देते."

"श्वास पुरत नाही गं."

"पुरेल तेवढं म्हणा. पुढचं मी म्हणते."

मी अर्धी ओळ म्हणायचे, दम संपला की ती उरलेली उचलायची. पुढच्या खेपेला तिने क्लासमधली पोरंही आणली. त्यांना रुग्णाशी कसं वागायचं हे माहीतच नव्हतं, हे किती बरं. एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही 'धिरधिर'ला घाई करता." घाई! ज्या बाईला पाणी प्यायला मिनिटं लागत होती ती घाई करत होती.

डाव्या हाताने डग्ग्यावर नुसता पंजा टाकून 'के' हा बोल काढायला मला पुढचा हिवाळा उजाडला. उजव्या हाताची बोटं अजून पूर्ण आलेली नाहीत. तिरकिट येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, कदाचित येणारही नाही. त्याचं दुःख आहे. ते लपवून मी तुम्हाला धीर देणार नाही. पण पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, यात मी आता मृणालच्या वर्गात पुढे आहे. तिच्या कार्यक्रमात ती वाजवते आणि मी शेजारी बसून बोल म्हणते. काठी टेकत व्यासपीठावर चढते.

मला भेटायला येणारे म्हणतात, आम्हालाही काहीतरी शिकायचंय, पण वेळ कुठंय. मी त्यांना फार उपदेश करत नाही. एवढंच सांगते की माझे तीस मुलांचे वर्ग होते, पाणी लांबून आणावं लागायचं, नवरा वर्षातून एकदा दिसायचा. तरी भाकरी थापून झाल्यावर नि मेंढरं आत आल्यावर मधे जो थोडा वेळ उरायचा तो मी कुणाला दिला नाही. त्या वेळात जे साठलं, त्यावर मी सांगलीत जिवंत राहिले. औषधांनी श्वास चालू ठेवला, हे मान्यच. पण श्वास चालू असताना आत कुणीतरी हवं ना.

मल्लप्पा

मागच्या महिन्यात शबाना सिस्टरांचा फोन आला. "मावशी, जतच्या बाजूचा एक पेशंट आहे. तुमचाच आजार. नळी निघालीय, आवाज आलाय, पण बोलत नाही, जेवत नाही, व्यायाम करत नाही. तुम्ही येऊन जाल का?"

आम्ही गेलो. मल्लप्पा नावाचा तिशीचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस. भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याची आई उशाशी बसलेली. घरात कानडी बोलणारी माणसं, पण मराठी समजायचं.

मी त्याला माझा हात दाखवला, काठी दाखवली. "मीही अशीच होते," म्हटलं. तो भिंतीकडेच बघत राहिला. त्याचं बरोबर होतं. अशी बरी झालेली माणसं मलाही तेव्हा आवडत नव्हती.

मी काठी बाजूला ठेवून बसले. त्याची आई त्याचे तळवे चोळता चोळता काहीतरी गुणगुणत होती. चाल गोड होती, तीन-चार सुरांत फिरणारी. मी विचारलं, "कसलं गाणं आहे हो?"

ती लाजली. "काय न्हाई. आमच्या आईचं. वासराला दूध पाजताना म्हणायचं."

"मला शिकवाल?"

तिने माझ्याकडे बघितलं. थट्टा नाही याची खात्री झाल्यावर तिने एक ओळ म्हटली. मी म्हटली. तिने दुसरी म्हटली. त्यात 'हालु' असा शब्द होता. मी माझ्या मराठी जिभेने जोरात 'हाळु' म्हटलं.

भिंतीकडून घुसमटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, मी उठायला गेले. पण त्याची आई तोंडाला पदर लावून त्याच्याकडे बघत होती. मल्लप्पा हसत होता. खांदे हलत नव्हते, नुसता गळा आणि डोळे.

"हालु म्हंजे दूध," ती मला म्हणाली. "तुमी म्हटलं हाळु. हाळु म्हंजे सत्यानाश. वासराला सत्यानाश पाजला तुमी."

हे मागून म्हणाले, "आमच्या मेंढरास्नी पन हिनं असंच केलतं."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हाळुच झालं. मल्लप्पाने मान वळवली, अगदी थोडी, आणि फुटक्या, बसलेल्या आवाजात मला म्हणाला, "इन्नोम्मे."

मी त्याच्या आईकडे बघितलं.

"पुन्ना एकदा म्हना, म्हनतोय," ती म्हणाली.

मी पाठ सरळ केली, त्याच्याकडे तोंड करून बसले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.